पांढरं चायनीज

सुनीलने गॅस बारीक केला. मग वाकून ज्योत पाहिली आणि आणखी बारीक केला. इतक्या मिणमिणत्या जाळावर आजवर त्याने साधं पाणीसुद्धा तापवलं नव्हतं. द्वारकेच्या चौकात त्याची चायनीजची गाडी होती आणि तिथली भट्टी एकदा पेटली की रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येईनासे व्हायचे. तीन मिनिटांत नूडल्स, चार मिनिटांत मंचुरियन. अठरा वर्षं त्याचा हात याच वेगाने चालला होता. आज मात्र पुढ्यात वाटीभर तांदूळ आणि दहा वाट्या पाणी होतं, आणि मोबाईलमधली बाई सांगत होती की सव्वा तास लागेल, घाई करू नका.

घाई करू नका म्हणे. सुनीलने पळी उचलली.

आतल्या खोलीत सुवर्णा भिंतीकडे तोंड करून पडली होती. टायफॉईडने तीन आठवडे तिला पिळून काढलं होतं. ताप उतरून आठ दिवस झाले, पण तोंडाची गेलेली चव काही परत आली नव्हती. सात किलो वजन उतरलं होतं आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. कालच डॉक्टरांनी सुनीलला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की सोमवारपर्यंत जेवण सुरू झालं नाही तर पुन्हा ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल. आज शनिवार होता.

सुवर्णाची भावजय आशा रोज मखमलाबादहून डबा आणायची. मऊभात, मुगाचं वरण, कधी दुधीची भाजी. सुवर्णा उठून बसायची, दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. माती खाल्ल्यासारखं लागतं, एवढंच म्हणायची. परवा तर कमाल झाली. आशाने वरणात मीठ घालून आणलं होतं आणि तेजलने गरम करताना पुन्हा घातलं. सुनीलने पहिला घास घेतला आणि तसाच बेसिनकडे पळाला. परत येऊन बघतो तर सुवर्णा तेच वरण शांतपणे खात होती. नेहमीसारखे दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. वरण खारट झालंय, हे तिला कळलंच नव्हतं. त्या दिवशी सुनील पहिल्यांदा घाबरला.

मग त्याने लेकीला कामाला लावलं. तेजल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, तिच्या मोबाईलमध्ये जगातलं सगळं सापडायचं. तिनेच शोधून काढलं की चीनमध्ये आजाऱ्याला तांदळाची पातळ, खारी पेज देतात, वर आलं आणि कांद्याची पात घालून. धडधाकट माणसंही सकाळी नाश्त्याला तीच खातात म्हणे. ते ऐकून सुनीलला एकदम हुरूप आला. इतके दिवस तो या घरात नुसता औषधं आणणारा माणूस होता. चायनीज म्हटल्यावर प्रश्न मिटला, ती तर त्याचीच लाईन.

अर्थात या चायनीजवरून नवराबायकोत एक जुनी गोष्ट होती. गाडी सुरू केली त्या संध्याकाळी नारळ फुटला आणि पहिली प्लेट सुवर्णाच्या हातात दिली गेली. तिने चार गिऱ्हाइकांसमोर सरळ सांगून टाकलं, की मीठ जास्त झालंय. सुनील दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. तेव्हापासून सुवर्णाने गाडीवरचा एक घासही तोंडात घातला नाही. "तुमचं ते लाल पाणी तुम्हालाच लखलाभ," असं हसत म्हणायची आणि स्वतःची भाकरी थापायची. सुनीलही मग इरेला पेटल्यासारखा मीठ सांभाळू लागला. त्यानंतर आजतागायत एकाही गिऱ्हाइकाने त्याच्या मिठाला नाव ठेवलं नव्हतं, आणि हे तो ज्याला त्याला ऐकवायचा.

अर्ध्या तासाने तांदूळ फुलले. पाऊण तासाने फुटायला लागले. सुनीलचा हात सारखा गॅसच्या बटणाकडे जायचा आणि तो स्वतःच मागे घ्यायचा. तेजल दारात उभी राहून हसत होती.

"पप्पा, मोठा नका करू. खाली लागेल."

"मला शिकवतेस?" तो म्हणाला, पण पळी फिरवत राहिला.

तासाभराने पाणी आणि तांदूळ वेगळे ओळखू येईनात. सगळं मिळून दाट, पांढरं, गुळगुळीत झालं. आता फक्त वरचं सजवायचं राहिलं होतं आणि त्यात त्याला कोणाची गरज नव्हती. मोबाईलमधल्या बाईला त्याने मध्येच बंद केलं. आल्याच्या केसासारख्या बारीक काड्या केल्या, कांद्याची पात कापली. सुरीचा आवाज कितीतरी दिवसांनी घरात घुमला. सोया सॉसची बाटली त्याने हातात घेतली आणि परत ठेवली. तो काळा रंग सुवर्णाला बघवणार नाही. आज पांढरंच जाऊ दे.

तेजलने चाखून बघू का विचारलं, तर त्याने तिला चमच्याला हात लावू दिला नाही. पहिला घास तिच्या आईचा. आणि चाखून बघावं लागतं तो मास्टर कसला?

त्याने सुवर्णाला उठवून पाठीशी उशी लावली, वाटी तिच्या हातात दिली. तिने वाटीत पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हे चायनीज?"

"अस्सल," सुनील म्हणाला.

तिने एक घास घेतला. सुनील खिडकीतून बाहेर बघत बसला, कारण तिच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. दुसऱ्या घासाचा आवाज आला. मग तिसऱ्याचा. मग चमचा वाटीच्या काठावर ठेवल्याचा. झालं, सरकवणार आता, त्याला वाटलं. आणि सोमवारी हॉस्पिटल.

"तेजलचे पप्पा," सुवर्णा म्हणाली, "मीठच नाय ह्यात."

"असं कसं होईल?" त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "अठरा वर्षांत माझं मीठ कधी..."

बोलता बोलता तो थांबला. दारात तेजल तोंडावर हात धरून उभी होती आणि तिचे डोळे मोठे झाले होते.

सुनील उठून स्वयंपाकघरात गेला. पातेल्यात बोट बुडवून चाटलं. खरंच कणभरही मीठ नव्हतं. गाडीवर तो सगळं मीठ दुपारी सॉस तयार करतानाच घालून ठेवायचा, मग रात्रीपर्यंत मिठाला हात लावायची वेळ यायची नाही. आज सॉस नाही, म्हणून मीठही नाही. मिठाची बरणी समोर होती. ती काढायला एक क्षण पुरला असता, पण त्याला समोरचं नीट दिसेना. त्याने खांद्यावरच्या नॅपकिनने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. इतका आनंद त्याला गाडीवर पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हाही झाला नव्हता.

"आणताय ना?" आतून सुवर्णाचा आवाज आला. "गार होतंय."

तो बरणी घेऊन पलंगावर बसला. चिमूटभर मीठ तिच्या वाटीत टाकलं. तिने ढवळलं, चाखलं.

"अजून थोडं."

त्याने अजून थोडं टाकलं. तिने पुन्हा चाखलं आणि खायला लागली. चार घास, सहा घास. सुनील बरणी मांडीवर धरून बसून राहिला. तेजल येऊन पायथ्याशी टेकली. वाटीचा तळ दिसायला लागला तेव्हा सुवर्णाने पडजिभेपाशी काहीतरी लागल्यासारखं तोंड केलं.

"आलं जरा जास्तच झालंय," ती म्हणाली.

"झालंय खरं," सुनील म्हणाला, आणि दुसरी वाटी भरून आणायला उठला.