हजार एक अबोली

मये तळ्याकाठच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. गोवा राज्य होऊन वर्ष झालं होतं, आणि आता अंकानंद महाराजांनी गणितालाही देव करून टाकलं होतं.

"कोणतीही तीन आकडी संख्या घ्या, तीच शेजारी पुन्हा लिहा," महाराज डोळे मिटून सांगत. "सप्तर्षींच्या साताने भागा, रुद्रांच्या अकराने भागा, यमाला चकवणाऱ्या तेराने भागा. बाकी उरली नाही, तर आजारही उरणार नाही."

ट्रकड्रायव्हर गुरुदासने आपल्या ट्रकचा नंबर सांगितला, ३८६. महाराजांच्या शेजारी बसलेल्या प्रमोद कारकुनाने कॅल्क्युलेटरवर ३८६३८६ भागलं. ५५१९८, मग ५०१८, आणि शेवटी पुन्हा ३८६. लोकांनी हात जोडले. गुरुदासने क्षयाच्या गोळ्यांचं पाकीट तळ्यात भिरकावलं.

त्याची बायको वत्सला पाण्याच्या काठापर्यंत धावली. शेजारच्या बाबलीनेही, तोही ट्रकवालाच, श्रावणात असंच केलं होतं आणि दसऱ्याआधी तो गेला. त्याची श्रद्धा कमी पडली, असं महाराजांनी कळवलं होतं. महाराजांचं गणित कधी चुकत नसे, चुकायची ती माणसं.

वत्सला डिचोलीच्या बाजारात फुलं विकायची. महाराजांना रोज हजार एक अबोलींचा हार लागे आणि तो तीच गुंफायची. सात फुलांची गाठ, अकरा गाठींची फांती म्हणजे सर, तेरा फांत्यांचा हार. दुसऱ्या दिवशी शेवटची फांती जोडताना तिचे हात थांबले. सात, अकरा, तेरा. मग ती हार घेऊन मांडवात गेली ती सरळ पुढेच.

"म्हाराज, पाचशे अठरा. हो माणूस बरो जातलो?"

प्रमोदने भागलं. बाकी शून्य. "ठणठणीत होईल," महाराज म्हणाले.

"हो बाबलीच्या ट्रकाचो नंबर. श्रावणात तुमीच भागून दिल्लो."

वत्सलाने हार वर धरला.

"ह्यात हजार एक फुलां. पाचशे अठरा हार केले तर फुलां किती? पाचशे अठरा हजार, वयर पाचशे अठरा. म्हणजे तोच आंकडो दोनदां. सातान भागल्यार गाठी, अकरान भागल्यार फांत्यो, तेरान भागल्यार परत पाचशे अठरा हार. खंयचोय आंकडो घेयात, बाकी उरची ना. माणूस जियेता का मरता, तें हाराक कशें कळटलें?"

प्रमोदने सात, अकरा आणि तेरा गुणून पाहिले. १००१ आले. त्याने कॅल्क्युलेटर मागच्यांच्या हाती दिला. महाराजांना अचानक समाधी लागली, ती त्यांना न्यायला मोटार येईपर्यंत टिकली.

हात जोडण्याआधी कुठलाही चमत्कार स्वतः एकदा उलगडून पाहावा. त्याला फार शिक्षण लागत नाही. आणि औषध सोडायचं की नाही, हे डॉक्टरला विचारावं.

गुरुदास घरी परतताना तळ्यापाशी थांबला. मग म्हणाला, "फाल्यां सकाळीं दवाखान्यात माझ्यावांगडा येशी?"

"येतां," वत्सला म्हणाली, आणि तिला रस्त्यातच रडू कोसळलं.