लाल टोपीचा मासा उलटा का झाला

फर्निचरच्या बंद दुकानावरच्या हॉलमध्ये माणसं एकमेकांना खेटून बसली होती. जिन्यात चपलांचा ढीग होता, खिडक्या बंद होत्या आणि अत्तराचा फवारा सगळीकडे मारला होता. पण त्या अत्तराखालून दुसराच एक वास येत होता. न बदललेल्या पाण्याचा. तो मला बरोबर कळतो, कारण माझं माशांचं दुकान आहे.

समोर टेबलावर तीन काचेच्या टाक्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक गोलमटोल गोल्डफिश. अंग पांढरंशुभ्र, डोक्यावर लाल टोपी. मागे काळा पडदा आणि पडद्यापुढे निळ्या रेशमी झग्यातला जलबाबा.

"हे मासे नव्हेत!" बाबा गरजला. "हे तिघे भाऊ आहेत! चार महिने तुमची दुखणी गिळताहेत, पण मरण त्यांना शिवत नाही! तळहातावरचा दाणा माशाच्या पोटात, दाण्याबरोबर दुखणंही त्याच्याच पोटात!"

पहिल्या टाकीपाशी एक बाई बसली होती. तिच्या तळहातावरचे दाणे करड्या सफारीतल्या, बाबाच्या माणसाने पाण्यावर सोडले. मासा वखवखल्यासारखा वर आला आणि मचमच करत सगळे दाणे खाऊन गेला. मग बाबाने अर्धा तास विश्व, पाणी आणि स्पंदनं यांवर तोंडाची वाफ दवडली. तेवढ्यात मासा तिरका होऊ लागला, धडपडला आणि पोट वर करून तरंगायला लागला.

"घेतलं! घेतलं!" हॉल ओरडला. "माझी पाठ मोकळी झाली हो!" म्हणत ती बाई रडू लागली. सफारीवाल्याने तो मासा उचलून पडद्यामागे नेला. तिथे म्हणे तो तीन दिवस दुखणं पचवतो आणि चौथ्या दिवशी नवाकोरा होऊन येतो.

मला बाबाची किळस आली, टाळ्या वाजवणाऱ्यांची आली आणि सगळ्यात जास्त स्वतःची. कारण तो सफारीवाला माझं चांगलं गिऱ्हाईक होता. चार महिने जवळजवळ दर आठवड्याला तो दोन-तीन लाल टोपीवाले मासे न्यायचा, एकाच आकाराचे. तरंगणाऱ्या कोरड्या दाण्यांचे डबेही माझ्याकडूनच घ्यायचा. एवढे मासे करतो काय, हे मी एकदाही विचारलं नाही. उलट बायकोला कौतुकाने सांगत होतो, माणूस शौकीन दिसतो.

आज मी इथे आलो तो ताईमुळे. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला फिट येतात. गोळ्या सुरू झाल्यापासून दीड वर्षात एकही आली नव्हती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळी एक दिवसही चुकता कामा नये. गेल्या आठवड्यात ताई पोरीला इथे घेऊन आली. त्या दिवशी मासा उलटा झालाच नाही. बाबा म्हणाला, "दुखणं हट्टी आहे, गोळ्यांच्या आड लपलंय. गोळ्या बंद करा, मग आणा." ताईने चार दिवसांपासून गोळ्या बंद केल्या होत्या. आज सकाळी पोरीचा हात दोनदा झटकला गेला, तेव्हा घाबरून तिने मला फोन केला. मी तिला घरी थांबायला सांगितलं, तर ती पोरीला घेऊन इथेच पोचली.

"ताई, ऊठ. आत्ताच्या आत्ता चल."

"एवढं होऊन जाऊ दे रे," ती माझी नजर चुकवत म्हणाली. "जन्मभराच्या गोळ्या सुटल्या तर?"

तेवढ्यात भाचीला पुढे बोलावलं. सफारीवाल्याने तिच्या हातावर दाणे ठेवले. तिने ते बोटाने दाबून पाहिले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, हे कोरडेच आहेत! भिजवले नाहीत तर हा उलटा होईल ना?"

तिच्याकडेही असाच एक मासा आहे. कसं खायला घालायचं, ते मीच तिला शिकवलं होतं.

"पाहा!" बाबाने हात वर केले. "तिच्या तोंडून दुखणं बोलतंय! घाबरलंय ते!"

माझा तोल सुटला. "ती नाही, तुम्ही घाबरलात. ती दुसऱ्या माशाला भिजलेले दाणे घालेल. अन् तुमचा हा माणूस तिसऱ्या माशाला कोरडे घालेल. बघू कोणता मासा उलटा होतो ते."

बाबा नियमांचं काहीतरी बोलू लागला. पण पहिल्या रांगेतले एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "घालू दे की. शक्ती दाण्यात असेल तर ओल्यातही असणारच." ते बाबाचे भक्त होते, त्यामुळे बाबाला नाही म्हणता येईना.

मी ताईच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणात दाणे भिजवले. फुगून मऊ झाल्यावर भाचीने ते सोडले. ते तळाशी गेले आणि माशाने खाली तोंड करून शांतपणे खाल्ले. सफारीवाल्याने कोरडे दाणे सोडले. त्याचा मासा पाण्यावर तोंड काढून दाण्यांबरोबर हवा गिळत राहिला. ते बघवत नव्हतं, पण दुसरा इलाज नव्हता.

अर्ध्या तासाने भाचीचा मासा सरळ पोहत होता आणि सफारीवाल्याचा पोट वर करून तरंगत होता.

"काय हो," पोस्टमास्तरांनी सफारीवाल्याला विचारलं, "तुमचं कोणतं दुखणं घेतलं?"

सफारीवाल्याने बाबाकडे पाहिलं. "मला... ॲसिडिटी आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. मग मी सांगितलं. या माशांचं अंग पैदास करताना मुद्दाम गोल केलेलं असतं. आत आतडी दाटीवाटीने बसलेली असतात आणि त्यांना लागूनच तरंगायची हवेची पिशवी. दोन-तीन दिवस उपाशी ठेवून कोरडे दाणे टाकले की तो अधाशासारखा खातो, हवाही गिळतो. दाणे पोटात फुगतात, पिशवी दाबली जाते आणि बिचाऱ्याचा तोल जातो. दर वेळी जातोच असं नाही. ज्या दिवशी जात नाही, त्या दिवशी तुमचं दुखणं हट्टी.

"मामा!" भाची पडद्यामागे गेली होती. "इकडे बादली आहे."

मी पडदा ओढला. बादलीत सहा मासे मेलेले होते, सगळे लाल टोपीचे. मघाचा मासा शेजारच्या टबात अजून उलटाच तरंगत होता. अत्तराखालचा वास आता हॉलभर झाला. मघाची बाई पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. आणि मागून एकाने विचारलं, "म्हणजे आमचा नंबर आज लागणार नाही?"

ताईने पर्स उघडली. गोळ्यांची पट्टी आतच होती, चार दिवस ती बरोबर घेऊन फिरत होती. म्हणजे तिच्या मनालाही पुरतं पटलं नव्हतं. त्याच बाटलीतल्या पाण्याबरोबर भाचीने गोळी घेतली आणि आम्ही तिथून थेट डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ताईला जे सुनावलं, ते मी इथे लिहीत नाही. पोरगी थोडक्यात वाचली एवढंच सांगतो.

जाताना भाचीने उलटे झालेले दोन्ही मासे हट्टाने बरोबर घेतले होते. दिवसभर उघडं ठेवून मुरवलेल्या स्वच्छ पाण्यात तिने त्यांना दोन दिवस उपाशी ठेवलं. मग साल काढलेला, उकडलेला वाटाणा चुरून घातला. एक वाचला नाही. दुसरा चौथ्या दिवशी सरळ झाला.

"मामा, याने कुणाचं दुखणं घेतलं होतं?" तिने विचारलं.

"कुणाचंच नाही. त्याचं स्वतःचंच पोट दुखत होतं."

आता माझ्या दुकानात कुणी एकसारखे मासे मागितले की मी कशाला हवेत ते विचारतो. तुम्हीही विचारा. तुमच्यासमोर कुणी मासा उलटा करून दाखवला तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, याला खायला काय घातलं होतं? आणि तोच माणूस पोरीच्या गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर उत्तर ऐकायलाही थांबू नका. पोरीचा हात धरा आणि जिना उतरा.