आठ पायांचा ओटा

सुताराने गालावर फाडकन चापट मारून तिसरा डास मारला आणि चहाचा कप आदळला. घरामागच्या अंगणात दोन महिने राबून त्याने हा लाकडी ओटा बांधला होता, तोही कुणाला हात न लावू देता. चारी बाजूंनी छतापासून थेट जमिनीपर्यंत बारीक जाळी, दाराला स्प्रिंग, दिवेसुद्धा पिवळे. तरी संध्याकाळी जरा टेकलं की डास हजर!

"तू दार उघडं टाकतेस," तो बायकोवर खेकसला.

"ते आपोआप लागतं. तुम्हीच दहादा दाखवलंत की."

मग त्याने शेजाऱ्याच्या झाडांना शिव्या घातल्या, जाळीवाल्याचा उद्धार केला आणि गुडघ्यांवर रांगत कोपरा न् कोपरा चाचपला. जाळी कुठेही फाटलेली नव्हती.

"अहो, हे फळ्यांच्या फटींतून वर येताहेत," बायको म्हणाली.

तणतणत त्याने एक फळी उचकटली आणि आत टॉर्च मारला. ओट्याचे आठ लोखंडी पाय पाण्याने भरलेल्या आठ सिमेंटच्या वाडग्यांत उभे होते. मुंग्या चढू नयेत म्हणून ही युक्ती त्याचीच. वाडगे आधी भरले होते, जाळी नंतर ठोकली होती, आणि दर रविवारी फटीतून नळी सोडून पाण्याची भर तोच घालत होता. आठही वाडग्यांत अळ्या वळवळत होत्या.

बायकोने वाकून नीट निरखून पाहिलं.

"मुंगी मात्र एकही नाही हं," ती म्हणाली.