मावशीसाठी आडवा दांडा

"वळणाआधी वेग कमी कर. आतला माणूस तक्रार करत नाही म्हणून त्याला हिंदकळवायचं नसतं." शववाहिका थोरल्या जावयाच्या हाती देताना सासऱ्यांनी एवढंच बजावलं होतं.

जावयाने ते मनापासून पाळलं. पण गेल्या महिन्यात गाडीखालून टक-टक सुरू झाली, तीही नेमकी पेटीच्या खाली. एका अंत्ययात्रेत नवऱ्याच्या पेटीशेजारी बसलेली बाई रडता रडता किंचाळली, "अहो थांबवा, हे उठलेत!" त्याच संध्याकाळी जावई गाडीखाली शिरला आणि आवाज करणारा अख्खा आडवा दांडाच काढून मोकळा झाला. गाडी चिडीचूप. खड्डेही मऊ लागायला लागले. फक्त वळणावर ती आडवी व्हायला बघायची. मयतं काही बोलली नाहीत.

त्याची मावशी मात्र बोलणारी होती. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आज संध्याकाळी इस्पितळातून सुट्टी, आणि झोपवून न्यायला दुसरी गाडी मिळेना.

"शववाहिकेतून घरी परतणारी मी पहिलीच," ती म्हणाली. मग त्याचा हात धरला. "मेल्या, खुबा सरकला तर पुन्हा चिरणार म्हणतात. मला कलंडू देणार नाहीस ना?"

"नाही मावशी. शब्द देतो."

शब्द देऊन तो निघाला, आणि इस्पितळाच्या फाटकाशीच वळताना गाडीतलं रिकामं स्ट्रेचर घरंगळत जाऊन दारावर आदळलं. घाम पुसत त्याने थेट मेहुणीचं गॅरेज गाठलं.

मेहुणीने खाली वाकून पाहिलं. "भाऊजी, दात दुखला म्हणून जबडाच काढलात? आवाज टोकांच्या झिजलेल्या लिंकचा, जोडकांड्यांचा होता. दांडा बिचारा डाव्या चाकाला उजव्याशी जोडून ठेवतो. वळणावर गाडी एका अंगावर कलली की तो पिळतो आणि तिला फार झुकू देत नाही."

"मग चांगला जाडजूड बसव!"

"मागे फार जाड बसवला तर वळणावर मागची चाकंच सटकतील. मावशी आपल्या आधी घरी पोहोचेल. लिंक माझ्याकडे आहेत, जुनाच दांडा आणा. कुठेय तो?"

जावयाने मान खाजवली. "तुझी ताई त्यावर चादरी वाळत घालते."

"मग ते तुमचं तुम्ही निस्तरा."

घरी बायकोचा दुपारचा डोळा लागला होता. त्याने चपला दाराबाहेरच काढल्या. ओल्या चादरी एकेक करून खुर्च्यांवर पसरल्या, दांडा खांद्यावर घेतला आणि श्वास रोखून, भिंतीला न लागू देता, दाराकडे निघाला.