कडेला थांबलेला उजेड

“ताई, दिवा घालवा जरा,” सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत मॅडम म्हणाल्या. ताईंनी बटण दाबलं. मॅडम भिंग पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिल्या.

या प्रयोगशाळेत ताई पेशी वाढवायच्या. काचेच्या बशीतल्या स्नायूंच्या पेशींना खाऊपिऊ घालायचं, ऊब द्यायची, लेकरांसारखं जपायचं. पण पेशीचं आवरण मोठं कडक. औषधाला दारातूनच परतवतं. म्हणून मॅडमनी औषधाला पेप्टाइडची सोबत दिली होती. प्रथिनाचा हा एवढासा तुकडा, पण औषधाचं बोट धरून आत नेतो, असा त्याचा लौकिक. डोळ्यांना दिसावा म्हणून त्याला हिरवा, चकाकता रंग लावलेला. मागच्या महिन्यात पेशी आतून हिरव्यागार उजळल्या, तेव्हा ताईंना देवच भेटल्यासारखं झालं. त्यांच्या थोरल्या भावाचे स्नायू अशाच दुखण्यानं झडत चालले होते. त्या पळतच घरी गेल्या आणि सांगून मोकळ्या झाल्या.

“बघा तुम्हीच,” मॅडम बाजूला सरल्या.

हिरवा रंग पेशींच्या कडेकडेनं चिकटून होता. आत अंधार.

“अहो, मागच्या वेळी तर आत गेलं होतं!”

“तेव्हा बघण्याआधी पेशी रसायनात बुडवल्या होत्या. त्यात त्या मरतात, ताई. मेलेल्याला कसला पहारा? बाहेर चिकटलेलं सगळं आत शिरलं. जिवंत पेशी आज पहिल्यांदा बघतोय आपण.” मॅडमनी चष्मा पुसला. “चुकलंच माझं.”

“बुडवल्या तर मीच ना.”

“मी सांगितलं म्हणून. आता दुसरं पेप्टाइड घेऊ. वर्षं लागतील, पण करू.”

वर्षं! दादासाठी ती कुठून आणायची?

घरी वहिनींनी दारातच हात धरला. “वन्सं, चेहरा असा का? वाईट असेल तर आज नका बोलू. स्वारी खुशीत आहे.”

जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला दादा टेबलाशी सूप घेऊन बसला होता. “ये चिमे! काय म्हणतंय आपलं औषध? का तुझ्या पेशींनी संप केला?”

ताई हसल्या, पण खोटं बोलायला जीभ उचलेना. त्यांनी होतं तसं सांगितलं.

दादा म्हणाला, “म्हणजे जितेपणी दाराबाहेर ताटकळायचं, आणि मेल्यावर घर मोकळं! वा रे पाहुणा!” आणि एकटाच हसला. वहिनी पाठ फिरवून पुसलेली शेगडी पुन्हा पुसू लागल्या.

“दादा, मी घाई केली रे. रागावलास?”

“वेडी! महिनाभर मी बरा होणारा माणूस होतो. देवानं तुझ्या तोंडून तेवढं दिलं. ते काय थोडं झालं?”

औषध आत गेल्याची ती बातमी आल्यापासून दादानं कुणाला भरवू दिलं नव्हतं. अर्धं सूप सदऱ्यावर सांडायचं, तरी म्हणायचा, “हात परत यायचेत, त्यांची सवय मोडायला नको.” आताही चमचा त्याच्या बोटांत थरथरत होता. त्यानं तो हळूच वाटीत ठेवला. एक हात मांडीवर घेतला, त्यावर दुसरा.

“चिमे, गार होतंय गं,” म्हणाला, आणि त्यानं तोंड उघडलं.