अजून पुरेशी आजारी नाही

चर्चच्या स्वयंपाकघरात मी मक्याच्या पावाचं पीठ कालवत होते, तेव्हा माझी पाण्याची पिशवी फुटली. पायांवरून ऊन धार उतरली आणि बुटांत साचली. पाचवा महिना नुकता लागला होता. शेजारी माझ्या सासूबाई घेवड्याच्या पातेल्यात डाव फिरवत होत्या. त्यांनी आधी फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डाव तसाच पातेल्यात सोडला आणि माझा दंड धरून मला मागच्या दारानं गाडीकडे नेलं.

त्यांचं नाव ओलेटा. सगळा बेलार्ड गाव त्यांना मिस ओलेटा म्हणतो, मीही तेच म्हणते. नवरा डॅल्टन समुद्रात तेलाच्या विहिरीवर कामाला. गेला की दोन आठवडे तिकडेच, फोन लागला तर लागला. आमची चार वर्षांची हॅटी त्या दिवशी माझ्या बहिणीकडे होती.

इस्पितळात डॉक्टर प्रूएट होत्या. हॅटीच्या वेळीही त्याच होत्या. त्यांनी पोटावरून यंत्र फिरवलं आणि यंत्राचा पडदा माझ्यापासून दुसरीकडे वळवला. तिथेच मला काय ते कळलं.

"पाणी जवळजवळ सगळं गेलंय, लॅनी. इतक्या लवकर... बाळ जगणार नाही गं."

"मग आता काय करायचं?"

त्यांनी नर्सकडे पाहिलं. "ठोके अजून चालू आहेत," त्या म्हणाल्या. "घरी जा. पडून राहा. ताप आला, थंडी वाजली, घाण वास आला, तर तडक परत या."

"ताप येईपर्यंत वाट बघायची?"

नर्स बाहेर गेली तेव्हा डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "न्यू मेक्सिकोत तुझं कुणी नातलग आहे का?"

"नाही."

"असतं तर मी आज भेटायला गेले असते," त्या म्हणाल्या आणि दार पुन्हा उघडून ठेवलं.

घरी आल्यावर मी पांघरुणाखाली फोन घेऊन बसले. आमच्या टेक्सासमध्ये गर्भपाताचं काय चालतं आणि काय नाही, हे मी तोवर कधी वाचलंच नव्हतं. आपला काय संबंध, असं वाटायचं. आता एकेक वाक्य चार-चारदा वाचत होते. बाळाचे ठोके चालू असेपर्यंत गर्भ काढायला बंदी; बाईच्या जिवावर बेतलं तरच डॉक्टरला हात लावता येतो. पण बेतलं म्हणजे किती बेतलं? ते कुठेच धड लिहिलेलं नव्हतं. चुकला तर डॉक्टर जन्मभर तुरुंगात. बाईला स्वतःला शिक्षा नाही, हे वाचून क्षणभर हायसं वाटलं. मग पुढचं सापडलं. आमच्या काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, स्वतःचा वेगळा ठराव केला होता: अशा कामासाठी बाईला आमच्या रस्त्यांवरून कुणी नेलं, तर त्या नेणाऱ्यावर कुणीही उठून दावा ठोकावा. शेजारी, चुलतभाऊ, ओळख नसलेला माणूस, कुणीही. प्रत्येक पान वाचून झालं की मी पुसून टाकत होते आणि पुसलेलंही कुणाला तरी दिसत असेल म्हणून घाबरत होते.

शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात अशी बंदी नव्हती, पण जायचं तर एकटीनं. सात तास गाडी चालवायची, वाटेत ताप चढला तर रस्त्याच्या कडेला मरायचं.

आणि सांगणार कुणाला? मिस ओलेटा वर्षानुवर्षं गर्भपाताच्या दवाखान्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थना करत आल्या होत्या. या कायद्यासाठी उन्हातान्हात दारोदार हिंडल्या होत्या. ज्या आमदारानं तो पुढे रेटला, त्याच्या प्रचाराला त्यांनी स्वतः पाय भाजून घरं गाठली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेजारच्या त्यांच्या घरून आल्या. माझ्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. खुर्ची ओढून बसल्या.

"आईचा जीव वाचवायची सोय आहे त्यात," त्या म्हणाल्या. "मला पक्कं ठाऊक आहे. आम्ही ती सोय मुद्दाम ठेवायला लावली. त्या प्रूएटला कायदा समजत नसेल."

त्यांनी माझ्यासमोरच आमदाराच्या कचेरीत फोन लावला. पलीकडे कुणी तरुण माणूस होता. सहानुभूती तर भरपूर दाखवली त्यानं. म्हणाला, मॅडम, तो निर्णय इस्पितळाचा. मग त्या मला घेऊन इस्पितळात गेल्या. डॉक्टर प्रूएटना त्यांनी जिन्याजवळच गाठलं.

"हिला का नाही दाखल करून घेत?"

"आमच्या वकिलांनी सांगितलंय, अजून तशी वेळ आलेली नाही."

"वकील? पोटात पोर हिच्या आहे की वकिलाच्या?"

"मिस ओलेटा, ती अजून पुरेशी आजारी नाही."

"पुरेशी म्हणजे किती?"

डॉक्टर प्रूएटनी हातातली फाइल मिटली. "तेच मला कुणी सांगत नाही हो. मी रोज विचारते."

मिस ओलेटांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. भर बाजारात कुणी थोबाडीत मारावी, तसा. आम्ही गाडीत बसलो.

"आम्हाला सांगितलं होतं, सोय आहे म्हणून," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "न्यू मेक्सिकोला जायचं कसं ते बघितलंयस ना तू? खोटं बोलू नकोस. पांघरुणाखाली उजेड दिसत होता मला काल खिडकीतून."

"तुमच्यावर दावा लागेल, मिस ओलेटा. घर जाईल तुमचं."

"घराचं मी बघते. दोन पायमोजे जास्त घे, तुझे पाय गार पडतात."

निघालो. सपाट माळ, कापसाची शेतं, अधूनमधून मान हलवणारे तेलाचे पंप. मी मागच्या सीटवर आडवी होते. पोटातल्या बाळाची हालचाल अजून नीट कळत नव्हती, तरी मी सारखा हात लावून बघत होते. ते गेलं असावं असंही वाटे आणि नसावं असंही. समोरून येणारी प्रत्येक गाडी ओळखीची वाटायची. माग लागू नये म्हणून मिस ओलेटांनी आपला आणि माझा, दोन्ही फोन बंद करून घरीच ठेवले होते. त्यामुळे कुणाला बोलवायची सोयही उरली नव्हती.

अर्ध्याहून जास्त वाट सरली असेल. माझे दात वाजायला लागले. आधी वाटलं भीतीनंच वाजतायत. मग अंगभर काटा आला आणि थंडी हाडांत शिरली.

"मिस ओलेटा, थंडी वाजतेय."

त्यांनी गाडी पेट्रोलपंपावर घेतली. मागचं दार उघडून माझ्या गळ्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"आता झालीस त्यांना हवी तेवढी आजारी," त्या म्हणाल्या. "आता परत गेलो तर घेतील."

"घेतील का?"

मागे बेलार्ड लांब पडलं होतं, सीमा जवळ होती. पण मागच्या वाटेवर निदान कायदा तरी आमच्या बाजूनं झाला असता, कदाचित. त्या 'कदाचित'वर आम्ही दोघी लटकलो होतो.

तेवढ्यात शेजारी आमच्या काउंटीच्या शेरिफची, म्हणजे पोलिसांची, गाडी येऊन थांबली. उतरला तो लाइल. आमच्याच चर्चचा; कुणा कैद्याला पोचवायला इतक्या लांब आला असावा. लहानपणी मिस ओलेटांनी त्याला बायबलच्या गोष्टी शिकवल्या होत्या.

"मिस ओलेटा! इतक्या लांब कुठे?" तो वाकून आत बघू लागला. "लॅनी ना ही? काय झालं हिला? घामानं निथळतेय."

मी डोळे अर्धवट मिटले.

"गाडी लागते तिला," मिस ओलेटा म्हणाल्या. "लग्न झाल्यापासूनचं आहे. दोन मैल गेलं की पांढरी पडते."

"मी भोंगा वाजवत पुढे होऊ का? मागच्या वाटेवरच्या इस्पितळात लगेच पोचवतो."

"तुझं काम नाही का रे? माझ्या मावसबहिणीला शेवटचं बघायला निघालोय आम्ही. मागे फिरले तर ती माझ्यासाठी थांबायची नाही."

मला लाइलच्या बुटांखालची वाळू ऐकू येत होती. मग त्यानं टोपी काढली, मावसबहिणीसाठी प्रार्थना करीन म्हणाला आणि पंपाच्या दुकानात गेला.

मिस ओलेटांना मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. गाडी सुरू करताना त्यांची चावी दोनदा चुकली.

"मागे की पुढे, पोरी? तूच सांग. मला आता काही कळत नाही."

"पुढे," मी म्हणाले.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. मिस ओलेटा मोठमोठ्यानं स्तोत्रं म्हणत होत्या, मधेच मला हाका मारत होत्या: "लॅनी, बोल. हॅटीला काय आवडतं खायला? सांग मला. डोळे उघड!" मग पांढरे दिवे. सीमेपलीकडच्या इस्पितळात एका म्हाताऱ्या डॉक्टरनं माझं नाव विचारलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "आम्ही लगेच सुरू करतोय." कुणाला फोन केला नाही, कुणाला विचारलं नाही. मला रडू फुटलं.

विष रक्तात पसरलं होतं. कित्येक दिवस मी यंत्रांना जोडलेली होते. वाचले. बाळ मुलगी होती. मिस ओलेटांनी तिला रुमालात घेऊन बराच वेळ धरलं, असं नर्सनं मला नंतर सांगितलं. डॅल्टन विमानानं आला. पलंगाशी उभा राहिला.

घरी आल्यावर आम्ही सगळ्यांना सांगितलं, बाळ गेलं. ते खोटं नव्हतं. पण अंगणात टायर वाजले की मी पडद्याआडून बघायची. दाव्याचा कागद कधीच आला नाही, तरी येणारच नाही असंही कुणी सांगितलं नाही. मिस ओलेटा दवाखान्यांसमोर जायच्या बंद झाल्या. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "पोर नको म्हणून पाडणं मला आजही पाप वाटतं. तुझं वेगळं होतं."

"कायद्याला ते वेगळं कळलं नाही ना पण."

"नाही कळलं," त्या म्हणाल्या आणि भांडी घासत राहिल्या.

मग या उन्हाळ्याच्या अखेरीस, एका दुपारी, आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात पीच फळांच्या फोडी बरण्यांत भरत होतो. मागच्या दारावर टकटक झाली. चर्चमधली शेनॉन होती. वय असेल विशीचं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं.

"मिस ओलेटा," ती दारातूनच म्हणाली, "मला रक्त जातंय. तिसरा महिना. डॉक्टर म्हणतात वाट बघा. बायका म्हणतात की... तुम्हा दोघींना माहीत आहे काय करायचं."

माझ्या हातातला चमचा थांबला. बायका म्हणतात. कुठल्या बायका? किती जणींना ठाऊक आहे? हिला कुणी पाठवलं तर नसेल? हिच्या खिशात फोन चालू असेल, पलीकडे कुणी ऐकत असेल. मिस ओलेटांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनातही तेच चाललं होतं, हे मला दिसलं.

शेनॉन दाराची चौकट धरून उभी होती. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिचेही दात वाजत होते.

"थंडी वाजतेय का तुला?" मी विचारलं.

तिनं मान हलवून हो म्हटलं.

मिस ओलेटांनी हात पुसले, तिला आत घेतलं आणि दाराला कडी लावली. मी खुर्ची पुढे सरकवली.

"बस," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "तुला स्वतःला शिक्षा नाही, हे आधी ऐकून ठेव. दावा लागला तर नेणाऱ्यावर लागतो. आता सांग, गाडी कोण चालवेल?"