तिसरा मजला, खोली सहा

खोलीत पाऊल टाकलं की आधी एकमेकांना फोन करायचा, हा त्या दोघांचा नेम. तो आणि उंच्या एकाच बिऱ्हाडात राहत, दोघांचा धंदाही एकच: पैसे घेऊन पुरुषांची सोबत करायची. मजला, खोली, सगळं गिऱ्हाइकाच्या कानावर पडेल असं सांगायचं, म्हणजे आपल्यामागे कोणी आहे हे त्याला कळतं. दुसरा नेम, गिऱ्हाइकाच्या हातांवरून नजर हलवायची नाही.

त्या दुपारी नव्या गिऱ्हाइकाने आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. नजर त्या हातावरच ठेवून याने उंच्याचं समजून फोनवरचं सगळ्यात वरचं नाव चाचपून दाबलं.

"बाजारामागचं लॉज, तिसरा मजला, खोली सहा. गिऱ्हाइकाने कुलूप घातलंय. तासाभरात खाली दिसलो नाही तर वर ये."

पलीकडे शिवणयंत्र थांबलं.

"कसलं गिऱ्हाईक रे?"

ताई! सकाळी आईच्या गोळ्यांसाठी तिनेच फोन केला होता, म्हणून तिचं नाव सगळ्यात वर. तो व्यायामशाळेत मालिश करतो, एवढंच बिचारीला ठाऊक. "आणि मालिशवाले कधीपासून कुलपात बसायला लागले?" तिने विचारलं.

गिऱ्हाइकाने फोन हिसकावून बंद केला. "कोण, बायको?"

"बहीण."

"वा! येऊ दे की. बघू दे भावाचे पराक्रम." हसत हसत त्याने कमरेचा पट्टा काढला आणि मुठीला गुंडाळू लागला. "शर्ट काढ. आवाज केलास तर याद राख."

याने शर्ट काढला. ताईचं दुकान दोन गल्ल्या सोडून. देवा, तिला येऊ देऊ नकोस, असं तो मनात म्हणाला. पट्टा पाठीवर पडला, तेव्हा ती प्रार्थनाही पुरी झाली नव्हती.

जिन्यात पावलं वाजली. मग दारावर थाप.

"अरे, आहेस का आत?"

गिऱ्हाइकाने ओठांवर बोट ठेवलं. गप्प राहिलं तर ताई चुकीची खोली समजून परत जाईल. घरात काही कळणार नाही. पट्टा पुन्हा वर गेला.

"ताई! आत आहे मी! मारतोय हा!"

बाहेर पावलं जिन्याकडे वळली. त्याला वाटलं, गेली.

"अहो मॅनेजर, दुसरी किल्ली घेऊन वर या! माझा भाऊ आहे आत!"

गिऱ्हाईक पट्टा घाईघाईने कमरेला लावू लागलं. याने आपला शर्ट अंगात चढवला आणि गुंड्या लावायला घेतल्या. बाहेरून कुलपात किल्ली फिरली.